निवृत्तीनंतर हुकलेल्या बढतीसाठी दाद : अर्ज कसा उभा करायचा

लष्करातून हवालदार म्हणून पेन्शनवर आलात आणि तुमच्या मागून भरती झालेला, तुमच्याच ट्रेडचा, म्हणजे कामाच्या प्रकारातला, जवान नायब सुभेदार होऊन बाहेर पडला. मग तक्रार करायची ती नेमकी कशाची? बढती मिळणं हा हक्क नाही. नियमाप्रमाणे, योग्य वेळी, खऱ्या नोंदींवर बढतीसाठी विचार होणं हा हक्क आहे. म्हणून ‘मला डावललं’ एवढ्यावर प्रकरण उभं राहत नाही. ‘अमुक महिन्याच्या डीपीसीत मी कॅडर पास असूनही नापास धरला गेलो’ यावर ते राहतं. (डीपीसी म्हणजे बढती ठरवणारी समिती किंवा बोर्ड, कॅडर म्हणजे बढतीसाठी पास व्हावा लागणारा कोर्स.) एक डीपीसी, एक अट, एक चूक. पुढची सगळी मेहनत या तीन गोष्टी कागदावर आणण्यासाठीच.

आधी चूक शोधा

नायब सुभेदाराच्या बढतीत वरिष्ठता आणि रिक्त जागा यांच्या जोडीला कॅडर, शिक्षण, मेडिकल कॅटेगरी, शिस्त आणि शेवटचे पाच एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) पाहिले जातात. रेकॉर्ड ऑफिसमधला, म्हणजे जवानांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातला, बोर्ड जवानाला ओळखत नाही, त्याच्यासमोर फक्त नोंदी असतात. म्हणून पहिला संशय पार्ट टू ऑर्डरवर, म्हणजे सेवेतल्या घडामोडींची अधिकृत नोंद करणाऱ्या युनिटच्या आदेशावर, घ्या. युनिटमध्ये कॅडर पास झालात, पण ऑर्डर निघालीच नाही, आर्मी नंबरचा एक आकडा चुकला किंवा डीपीसी होऊन गेल्यावर ऑर्डर पोचली, तर बोर्डाच्या लेखी तुम्ही नापासच. ही चूक सिद्ध करायला सर्वांत सोपी, कारण कॅडरचा निकाल आणि ऑर्डरची तारीख शेजारी ठेवली की वाद उरत नाही.

एसीआरचं गणित जास्त किचकट. नुसती ग्रेड पाहून भागत नाही. प्रत्येक रिपोर्टमध्ये बढतीची शिफारस आहे का, पाचपैकी पुरेसे रिपोर्ट रेजिमेंटल ड्युटीचे आहेत का, हेही बघितलं जातं. बरीच वर्षं ईआरईवर, म्हणजे आपल्या युनिटबाहेरच्या नेमणुकीवर, काढलेला जवान उत्तम ग्रेड असूनही इथे अडकतो. अशा वेळी मुद्दा ग्रेडचा धरू नका. आपल्याला वेळेत युनिटला परत का पाठवलं नाही आणि त्याची जबाबदारी कोणाची होती, तो मुद्दा धरा.

मेडिकलमध्ये डीपीसीच्या तारखेला असलेली कॅटेगरी मोजली जाते. रीकॅट बोर्ड (कॅटेगरी पुन्हा ठरवणारा वैद्यकीय बोर्ड) युनिटच्या दिरंगाईने उशिरा झाला असेल, तर त्या वैद्यकीय बोर्डासाठी पाठवल्याची पत्रं जमवा. रेड इंक एंट्री (लाल शाईतली शिक्षेची नोंद) असेल तर तिची तारीख आणि शिक्षा शीट रोलवरून, म्हणजे तुमच्या सेवानोंदीच्या कागदावरून, तपासून घ्या. दुसऱ्याची एंट्री आपल्या शीट रोलवर चढली नाही ना, तेही बघा.

दोन ठिकाणी मात्र थांबलेलं बरं. बढतीला नकार देणारं अनविलिंगनेस सर्टिफिकेट तुम्ही सही करून दिलं असेल, तर दबावाचा लेखी पुरावा असल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरं, निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते आणि तुमची जागा पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला रिकामी झाली असेल, तर ती तुमची नव्हतीच. एका दिवसाने हुकलं याचं दुःख खरं, पण त्यात चूक कोणाची नाही.

एमएसीपी या वेतनश्रेणीच्या योजनेची बढतीशी गल्लत करू नका. 8, 16 आणि 24 वर्षांच्या सेवेवर मिळणारी वेतनवाढ म्हणजे बढती नव्हे. नायब सुभेदाराची ग्रेड मिळाली म्हणून रँक मिळत नाही. मानद रँकही वेगळा विषय आहे, त्याचा दावा या अर्जात मिसळू नका.

आरटीआयमध्ये ‘का’ विचारू नका

‘मला बढती का दिली नाही?’ असं विचारलं की ‘हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. कागद मागा. तुमचं नाव ज्या डीपीसीत विचारात होतं तिची तारीख, कार्यवृत्तातला तुमच्यापुरता उतारा, अपात्र ठरवल्याचं नोंदलेलं कारण, त्या दिवशी लागू असलेलं धोरणपत्र, ट्रेडच्या वरिष्ठता यादीतला तुमच्या वरचा-खालचा भाग आणि कॅडरच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत. ज्युनिअरचे एसीआर मागितले तर ते मिळत नाहीतच, आणि त्यापायी बाकीचा अर्जही रखडतो. त्याची वरिष्ठतेची आणि बढतीची तारीख पुरेशी आहे.

फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला फी नाही. त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे. अर्ज तुमच्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो : तोफखान्याचं नाशिक रोडला, आर्मर्डचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. आरटीआय चालू आहे म्हणून सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जायची मुदत थांबत नाही. तिथे आशेवर बसलेला माणूस हमखास फसतो.

निवेदन दोन पानांचं

आर्मी ॲक्टच्या कलम 26 ची वैधानिक तक्रार ही सेवेतल्या जवानाची वाट. ती सेवेत असतानाच केली असेल आणि फेटाळली गेली असेल, तर मुदत त्या आदेशापासून मोजली जाते. निवृत्तीनंतर नवं निवेदन टाकून घड्याळ पुन्हा सुरू होत नाही. अर्जावर अर्ज केल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तक्रार केलीच नसेल, तर आता ओआयसी रेकॉर्ड्सना (रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्याला) निवेदन द्या. कारगिलपासूनची सेवा, घरची परिस्थिती, साहेबांचा राग यातलं काही नको. मुद्दा असा उतरला पाहिजे (नोशनल बढती म्हणजे मागच्या तारखेपासून कागदोपत्री धरलेली बढती) :

‘माझी वरिष्ठता 12 मार्च 2001 ची आहे. माझ्या ट्रेडमधल्या, 4 जून 2001 च्या वरिष्ठतेच्या हवालदाराला 1 फेब्रुवारी 2023 रोजी नायब सुभेदार करण्यात आलं. जानेवारी 2023 च्या डीपीसीत मला कॅडर नसल्याचं कारण देऊन अपात्र ठरवलं. मी ऑगस्ट 2021 मध्ये कॅडर पास आहे, निकालपत्र सोबत जोडलं आहे. त्याची पार्ट टू ऑर्डर युनिटने मार्च 2023 मध्ये काढली. सबब मला 1 फेब्रुवारी 2023 पासून नोशनल बढती द्यावी.’

स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. पावती आणि ट्रॅकिंगचा छापील कागद निवेदनाच्या प्रतीला टाचा. पुढे मुदत मोजायला हाच कागद लागतो.

न्यायाधिकरण आणि तारखांचा हिशेब

सशस्त्र दल न्यायाधिकरण 2007 च्या कायद्याने आलं आणि 2009 पासून चालू आहे. बढती आणि वरिष्ठता त्याच्या कक्षेत येतात, बदली-पोस्टिंग आणि रजा येत नाहीत. निवृत्त जवान जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे अर्ज करू शकतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ते मुंबईचं.

समजा, निवेदन 10 ऑगस्ट 2024 चं आहे. अंतिम उत्तर आलं, तर त्या तारखेपासून सहा महिने. काहीच उत्तर आलं नाही, तर 10 फेब्रुवारी 2025 ला वाट पाहण्याचे सहा महिने संपले आणि तिथून पुढे आणखी सहा, म्हणजे 10 ऑगस्ट 2025 पर्यंत मूळ अर्ज दाखल व्हायला हवा. उशीर झाला तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडायचा, आणि त्यात आजारपणाची, हॉस्पिटलची, आरटीआयच्या उत्तराची तारीखवार कारणं हवीत. ‘नियम माहीत नव्हता’ चालत नाही.

पेन्शनची चूक दर महिन्याला नव्याने घडते, म्हणून उशिरा आलेल्यालाही मागची तीन वर्षं मिळू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेमसिंग निकालाचा आधार सगळे घेतात तो याचसाठी. पण त्याच निकालात म्हटलं आहे की वरिष्ठता-बढतीचे दावे इतरांच्या जागा हलवतात, तिथे ही सवलत नाही. म्हणूनच ज्युनिअरची बढती रद्द करा असं मागू नका. तसं मागितलं तर त्याला प्रतिवादी करावं लागतं आणि प्रकरण लांबतं. फक्त नोशनल बढती मागा : त्या तारखेपासून रँक, वेतननिश्चिती, सुधारित पेन्शन. नायब सुभेदाराची सेवामर्यादा हवालदारापेक्षा जास्त असते, तेव्हा वाढलेल्या सेवेचा हिशेबही मागणीत लिहा. ते वाक्य राहून गेलं तर पेन्शनचा मोठा भाग हातून जातो.

आणखी एक खड्डा. न कळवलेला एसीआर रद्द ठरतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा देवदत्त निकाल, तोही 2008 चाच, अर्जात चिकटवलेला दिसतो. त्या निकालातच लिहिलं आहे की तो लष्करी अधिकाऱ्यांना लागू नाही. सरकारी वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

अर्ज स्वतः चालवता येतो, वकील सक्तीचा नाही. काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी कागदांचं भाषांतर जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागद पुढे पाठवायला मदत करतं, बढतीबाबत त्याला अधिकार नाही.

जिंकलात तरी थेट रँक देण्याऐवजी ‘पुन्हा विचार करा’ असा आदेश येऊ शकतो, कारण गुणवत्ता ठरवणं न्यायाधिकरण बोर्डावर सोडतं. हरलात तर सर्वोच्च न्यायालयात अपिलाच्या परवानगीचा अर्ज न्यायाधिकरणाकडेच 30 दिवसांत करायचा असतो. उच्च न्यायालयाचा रिट अधिकारही शाबूत आहे, हे 2023 मध्ये स्पष्ट झालं.

अनुकूल आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जातं आणि सुधारित पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) निघतो. तो आला की स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर रँक, बढतीची तारीख, पात्र सेवा आणि मूळ पेन्शन हे चारही रकाने आदेशाशी ताडून बघा. रँक बदललेली आणि पात्र सेवा जुनीच, असा पीपीओ निघाला तर लगेच लेखी दुरुस्ती मागा.