मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

आठ-दहा अंकी संख्येला विभाजक किती, त्यांची बेरीज किती, हे काढताना सूत्र सहसा बरोबर असते. चूक त्याआधी, मूळ अवयव पाडतानाच झालेली असते.

१,२३,४५,६७८ ही संख्या घेऊ. तिला २ ने आणि दोनदा ३ ने भागल्यावर ६,८५,८७१ उरते. या संख्येच्या अंकांची बेरीज ३५ असल्याने ३ ने आता भाग जात नाही, ५ चा प्रश्नच नाही, आणि ७, ११, १३ यांनी भागल्यावरही बाकी उरते. येथेच अनेक जण कंटाळून ही मूळ संख्या आहे असे ठरवून टाकतात. परंतु तिचे वर्गमूळ ८२८ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिल्याखेरीज असा निर्णय देता येत नाही. १७ पासून ४३ पर्यंत प्रत्येक वेळी बाकी उरते, ३७ ला तर जेमतेम २, आणि त्यानंतर ४७ ने निःशेष भाग जाऊन १४,५९३ मिळतात.

आता ८२८ ही मर्यादा धरून बसणे ही दुसरी चूक. १४,५९३ चे वर्गमूळ १२१ हूनही कमी आहे, त्यामुळे ४७ ते ११३ या सोळा मूळ संख्या तपासल्या की काम संपते. सुरुवात पुन्हा ४७ पासूनच करावी, कारण तोच अवयव दोनदा येऊ शकतो. यांपैकी एकीनेही भाग जात नाही, म्हणून १४,५९३ मूळ आहे.

४७ निसटला असता तर विभाजक २४ ऐवजी १२ आणि त्यांची बेरीज २,७३,१९,९६८ ऐवजी २,६७,४९,००८ आली असती. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून मगच गुणाकार करायचा असतो. येथे तो २ × ३ × २ × २ असा होतो.

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या गणितज्ञ फर्माने मूळ मानली होती; १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीहून १ ने मोठा असतो. अशा मूळ संख्यांच्या क्रमात ६४१ पाचवी आहे, आणि म्हणूनच संख्येची घडण आधी पाहणे मला अत्यंत मोलाचे वाटते.

अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे. १,८९९ च्या अंकांची बेरीज २७ असली तरी तिला २७ ने भाग जात नाही.

पंधरा अंकांपुढे संगणकावरही डोळे झाकून विसंबू नये. ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या दशांश अपूर्णांकांच्या नेहमीच्या ६४ बिटी साठवणीत शेवटी ९९२ अशी होते आणि ३ ने भागल्यावर बाकी २ दिसते. कागदावर अंकांची बेरीज ७८ येते, म्हणजे दिलेल्या संख्येला ३ ने पूर्ण भाग जातो.