हार्डवेअरच्या लाईनमध्ये नवीन येताय? आधी पॉवर शिका

आयटीआय किंवा डिप्लोमा करून पोरं दुकानात शिकायला येतात तेव्हा त्यांना विंडोज टाकता येतं, ड्रायव्हर शोधता येतात, काहींना बायोसमधलं पण बरंच कळतं, पण मल्टीमीटर हातात दिला की लाल वायर कुठल्या भोकात घालायची तिथेच गाडं अडतं. ह्या लाईनमध्ये बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय, नवीन माणसाने फॉरमॅट मारायच्या आधी पॉवर शिकावी. कारण गिऱ्हाईक येऊन पॉवरचा प्रॉब्लेम आहे असं सहसा सांगतच नाही. तो म्हणतो प्रिंटर अडकतोय, माऊस मधेच बंद पडतो, हार्डडिस्क दिसत नाही, नेट चालत नाही, आणि आपण ड्रायव्हर काढ-घाल करत बसतो.

एक झेरॉक्सवाले काका आले होते, तक्रार काय तर प्रिंट दिली की पीसी रिस्टार्ट होतो. आधी कुणीतरी प्रिंटरचा ड्रायव्हर दोनदा बदलून दिला होता, विंडोजपण नवीन टाकली होती. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवतं तो प्रोग्रॅम, उघडला तर कर्नल-पॉवर ४१ या एररची रांग लागलेली. आता हे ४१ बघून नवीन पोरं लगेच एसएमपीएस (पीसीतला पॉवर सप्लायचा डबा) गेला म्हणून सांगतात, तसं नसतं, ४१ चा अर्थ फक्त एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का बंद पडलं ते तो सांगत नाही. उपयोग होतो तो वेळेचा. त्या वेळा आणि प्रिंट दिल्याच्या वेळा जुळत होत्या. मग टेबलाखाली वाकून बघितलं तर पीसी, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर तिन्ही एकाच ६०० व्हीएच्या यूपीएसवर. अशा छोट्या यूपीएसवर ६०० लिहिलेलं असलं तरी वॅटमध्ये ते साधारण ३६० च्या आसपास असतं, आणि लेझर प्रिंटरचा फ्यूजर (शाई कागदावर गरम करून चिकटवणारा भाग) गरम व्हायला लागला की तो एकटाच कित्येकशे वॅट ओढतो. यूपीएस ओव्हरलोड होऊन आऊटपुट टाकून देतो, पीसी जातो. प्रिंटर काढून भिंतीच्या सॉकेटला लावला, काम झालं. एक रुपयाचा पार्ट लागला नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका हे कंपन्या स्वतः मॅन्युअलमध्ये लिहितात पण मॅन्युअल वाचतो कोण.

म्हणून गिऱ्हाईकाला आधी विचारायचं. कधीपासून होतंय, त्याच्या आधी लाईट गेली होती का, काही नवीन जोडलंय का, जागा बदलली का. पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. आणि जमेल तेव्हा मशीन त्याच्या जागेवर जाऊन बघायचं, कारण दुकानात आणलेला पीसी बऱ्याचदा व्यवस्थित चालतो आणि घरी नेला की परत तेच, तेव्हा दोष पीसीत नसून त्या सॉकेटमध्ये असतो.

सॉकेट मोजायला शिका. मीटरची काळी वायर कॉम (COM) लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात, १० अँपिअरच्या भोकात चुकूनही नको कारण तिथून आत जवळजवळ सरळ शॉर्टच असतो, लाईनवर तसा मीटर लावला की भडका उडतो. एसी ७५० ची रेंज लावून फेज-न्यूट्रल मोजा, २३० च्या आसपास आलं पाहिजे. मग न्यूट्रल-अर्थिंग मोजा, तिथे दोनतीन व्होल्टच्या आत असलं तर बरं. आणि फेज-अर्थिंगला जवळपास २३० मिळत नसेल तर अर्थिंग नावालाच आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणतात ना, ते यामुळेच होतं, एसएमपीएसच्या फिल्टरमधले कॅपॅसिटर बॉडीवर निम्मा व्होल्टेज आणून ठेवतात आणि त्याला जायला वाट नसते. करंट अगदी थोडा असतो पण यूएसबीवाली डिव्हाइस असल्या लाईनवर विचित्र वागतात. अशा वेळी पीसी उघडू नका, वायरमनला बोलवायला सांगा.

आता एसएमपीएस. मदरबोर्डला लागणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारंगी ३.३, काळी ग्राऊंड. जांभळी वायर म्हणजे स्टँडबायचे ५ व्होल्ट, पीसी बंद असला तरी मेन चालू असेल तर ते आलेच पाहिजेत. मीटर २० डीसीवर ठेवून जांभळी-काळी मोजा, काहीच नाही आलं तर मदरबोर्डला दोष द्यायच्या आधी केबल, स्विच आणि एसएमपीएस बघा. हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस चालू होतो, ही टेस्ट कनेक्टर बोर्डावरून काढूनच करायची. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं समजू नका, ही गोष्ट मी प्रत्येक शिकाऊ पोराला परत परत सांगतो, लोड नसताना ठणठणीत दिसणारा सप्लाय लोड आला की खाली बसतो. १२ व्होल्टला ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६, पण हे मशीन काम करत असताना मोजायचं. शंका असेल तर हातातला चांगला एसएमपीएस लावून बघणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग, दुकानात एक तपासलेला सप्लाय कायम बाजूला ठेवावा. आणि सकाळी तीनचार वेळा बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही, एकदा चालू झाला की दिवसभर चालतो अशी तक्रार आली की जुन्या सप्लायमधले वाळलेले कॅपॅसिटर हा माझा पहिला संशय असतो. एसएमपीएस स्वतः खोलायला मात्र जाऊ नका, आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० च्या वर डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच बसलेले असतात. ते काम नीट शिकल्यावर.

यूएसबीचं प्रकरण वेगळं आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात लोकांचं काम अडतं. सेतू केंद्र चालवणाऱ्या एका ताईंचा अंगठ्याचा स्कॅनर थोडा वेळ वापरला नाही की गायब व्हायचा, काढून परत लावला की यायचा. बाहेर म्हातारी माणसं रांगेत उभी, आणि ताई दर वेळी टेबलामागे वाकून केबल काढणार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीत पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, तिथे वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी दिलेली असते, ती टिक काढायची, आणि पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड पण बंद करायचं. त्यांचं तेवढ्यावर भागलं. तरी नसतं भागलं तर स्कॅनर पुढच्या पोर्टवरून काढून मागच्या पोर्टला लावला असता, मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात, पुढचे लांब वायरने येतात. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो आणि ३ चा ९००, बाहेरची हार्डडिस्क टक टक आवाज करून दिसत नसेल तर डिस्क गेली म्हणून सांगायच्या आधी पोर्ट आणि केबल बदलून बघा. त्यात कुणाचे तरी लग्नाचे फोटो असतात, उगाच घाबरवू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३, म्हणजे डिव्हाइसने बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं, असं दिसलं तरी हाच क्रम, आधी पोर्ट-केबल, मग ड्रायव्हर.

नेट चालत नाही म्हणून आलेल्या जुन्या पीसीची तारीख आधी बघायची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला की तारीख मागे जाते, मग वेबसाईटची सर्टिफिकेट जुळत नाहीत आणि ब्राउझर काही उघडू देत नाही.

शटडाऊन करून चालू केला की साऊंड नाही, रिस्टार्ट केला की येतो, असं कुणी म्हणालं तर फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पूर्ण शटडाऊन राहिलेलं नाही, कर्नल आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर झोपवून ठेवतात आणि सकाळी तीच उठवतात, रिस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं. हा फरक कळला की कितीतरी तक्रारी सोप्या होतात.

लॅपटॉपसाठी पॉवरसीएफजी ही कमांड पाठ करा. स्लॅश बॅटरीरिपोर्ट लावलं की एक फाईल तयार होते, त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे गिऱ्हाईकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या, बॅटरी बदला म्हणून गळी उतरवावं लागत नाही. स्लॅश लास्टवेक सांगतं की झोपलेला लॅपटॉप कुणी उठवला, बऱ्याचदा माऊस किंवा लॅनकार्ड निघतं. चार्जर लावलाय पण चार्ज होत नाही असं असेल तर काही कंपन्यांच्या पिनच्या मधोमध बारीक सुई असते ती बघा, लॅपटॉप त्यावरूनच ओरिजिनल अडॅप्टर ओळखतो, ती वाकली की लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज करत नाही. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, क्लिक होईना, तर बॅटरी फुगलीय, चार्जिंग लगेच थांबवायचं, दाबायची नाही, टोचायची नाही.

कोर्सचं विचाराल तर आयटीआयचा हार्डवेअर-नेटवर्कचा ट्रेड चांगला आहे, कॉम्पटियाच्या ए प्लस या सर्टिफिकेटचा अभ्यासक्रम वाचायला मिळाला तर वाचाच, पण त्याबरोबर एखाद्या अशा दुकानात बसा जिथे नुसते पार्ट बदलत नाहीत, मोजून बघतात. पहिल्या पगारातून चांगला मल्टीमीटर घ्या, मग स्क्रूड्रायव्हरचा सेट, मग एक वही. वहीत तक्रार गिऱ्हाईकाच्या शब्दात लिहायची, मोजलेले आकडे लिहायचे, शेवटी काय निघालं ते लिहायचं. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात असाल तर तापकीर गल्ली सुट्टीच्या दिवशी सोडून कधीही फिरून या, भंगारात निघालेला जुना एसएमपीएस आणि बोर्ड स्वस्तात मिळून जातो, त्यावर हात बसेपर्यंत मोजमाप करा, गिऱ्हाईकाच्या मशीनला त्यानंतरच हात लावा.