वर्गांच्या व्यस्तांची बेरीज: उत्तर π²/६ बरोबर, पण पायऱ्या? या चुका टाळा

इंदूरच्या कॉलेजांत बी.एस्सी. करणारी, नाहीतर भंवरकुव्याच्या क्लासमध्ये एम.एस्सी. प्रवेशाची तयारी करणारी मुलं रामबागेत माझ्याकडे वह्या घेऊन येतात. १ + १/४ + १/९ + १/१६ + … ही बेरीज π²/६ येते, हे सगळ्यांना पाठ असतं. माझ्या मते घोळ तिथेच होतो. शेवटची ओळ आधीच ठाऊक असली की मधली चूक कोणी शोधत नाही. कुठे दोनाने गुणायचं, कुठे अर्धं करायचं, हे उत्तराकडे बघून ठरतं आणि वहीत बरोबरची खूण पडते. पुढे तीच रीत अनोळखी सिरीजला लावली की सगळं कोसळतं.

कॅल्क्युलेटरवर "जुळत नाही"

π²/६ म्हणजे १.६४४९३४… पहिल्या १० टर्मची बेरीज १.५४९७६८, १०० टर्मची १.६३४९८४ आणि १००० टर्मची १.६४३९३५. हजार टर्म घेऊनही तिसरं दशांश स्थळ चुकतं, आणि मुलांना वाटतं सूत्रच चुकलं. सूत्र बरोबर आहे, ही सिरीजच फार सावकाश पुढे सरकते. सिरीजचा न-वा टर्म म्हणजे १/न². हे १/(न−१) − १/न पेक्षा लहान आणि १/न − १/(न+१) पेक्षा मोठं असतं. या दोन्ही फरकांच्या बेरजेत मधले टर्म कटतात, म्हणून न टर्मनंतर उरलेली शेपटी १/(न+१) आणि १/न यांच्या मध्ये सापडते. १० टर्मच्या बेरजेत १/१०.५ मिळवून बघा: १.५४९७६८ + ०.०९५२३८ = १.६४५००६. दहाच टर्म आणि चूक चौथ्या दशांश स्थळाच्याही पुढे. पडताळा घ्यायचा तर शेपटीसकट घ्यावा.

काही जण याच कटाकटीतून नेमकी बेरीज काढायला बसतात. ती १/(न(न+१)) ला लागू पडते, तिथे उत्तर १ येतं. १/न² ला त्यातून फक्त मर्यादा मिळते: बेरीज २ पेक्षा कमी. वेळ घालवू नका.

फूरिये सिरीजमधला अर्धा

फूरिये सिरीज म्हणजे फंक्शन साइन-कोसाइनच्या टर्मची बेरीज म्हणून लिहिणं. सर्वांत जास्त वह्या इथे अडतात. −π ते π मध्ये क्ष² घेतलं की

क्ष² = π²/३ + ४(−कोस क्ष + (कोस २क्ष)/४ − (कोस ३क्ष)/९ + …)

पहिला कोएफिशंट, म्हणजे क्ष² च्या इंटिग्रलला π ने भागून येणारी संख्या, २π²/३ असते. सिरीजमध्ये मात्र तिचा अर्धा जातो. तो अर्धा विसरून क्ष = π ठेवलं तर π² = २π²/३ + ४ × बेरीज, म्हणजे उत्तर π²/१२. आता हा π²/१२ फसवा आहे, कारण १ − १/४ + १/९ − १/१६ + … या सिरीजचं खरं उत्तर तेच आहे. मुलं म्हणतात, "चिन्हाचीच गडबड झाली असेल," आणि चिन्हं बदलून, दोनाने गुणून π²/६ करून टाकतात. चिन्हांत काहीच चुकलेलं नसतं. उत्तर नेमकं निम्मं आलं तर आधी पहिला कोएफिशंट तपासा. क्ष = ० ठेवूनही बघा: अर्धा बरोबर घेतला असेल तर एकाड-एक चिन्हांची सिरीज π²/१२ देते आणि क्ष = π वर साधी सिरीज π²/६. दोन्ही एकदम जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

क्ष² ऐवजी नुसतं क्ष घेतलं तर दुसरा खड्डा. त्याच्या सिरीजमध्ये फक्त साइनचे टर्म असतात. क्ष = π ठेवलं की उजवी बाजू शून्य, डावी π. टोकाशी फंक्शन उडी मारतं आणि सिरीज तिथे π व −π यांची सरासरी देते, म्हणून तिथे किंमत घालून काही हाती लागत नाही. क्ष घ्यायचं असेल तर पार्सेव्हालची समानता वापरा (फंक्शनच्या वर्गाच्या इंटिग्रलला π ने भागलं की कोएफिशंटच्या वर्गांची बेरीज मिळते, फक्त पहिल्याच्या वर्गाचा अर्धा घ्यायचा): २π²/३ = ४ × बेरीज, एका ओळीत उत्तर.

ऑयलरची वाट, पण अर्धीच

स्विस गणिती याकोब बर्नुलीने १६८९ मध्ये हा प्रश्न जाहीरपणे विचारला होता. लिओनार्ड ऑयलरने १७३५ मध्ये उत्तर दिलं. साइन क्ष भागिले क्ष याची मुळं ±π, ±२π, … म्हणून ते (१ − क्ष²/π²)(१ − क्ष²/(४π²))… असं लिहायचं आणि क्ष² चे कोएफिशंट जुळवायचे: −१/६ बरोबर −बेरीज/π². सुंदर आहे, मलाही फार आवडतं. पण "मुळं तीच, म्हणून गुणाकारही तोच" हे वाक्य सिद्धतेत चालत नाही. करून बघा: त्याच फंक्शनला ई च्या क्ष² व्या घाताने गुणा. मुळं एकही बदलत नाहीत, क्ष = ० ला किंमत १ च राहते, फंक्शन समही राहतं. क्ष² चा कोएफिशंट मात्र १ − १/६ = ५/६ होतो आणि बेरीज −५π²/६ निघते! सगळे टर्म धन असताना बेरीज ऋण. तेव्हा साइनचा अनंत गुणाकार वेगळा सिद्ध करावा लागतो. जर्मन गणिती वायरश्ट्रासच्या एकोणिसाव्या शतकातल्या कामाने अशा गुणाकारांना पक्का पाया मिळाला. ऑयलरजवळ निदान बेरजेची दशांशातली किंमत आधीच काढलेली होती, तिच्याशी उत्तर जुळत होतं. परीक्षेत ही रीत लिहाल तर "साइनचा गुणाकार सिद्ध आहे असे धरून" एवढी ओळ तरी घाला.

दोन छोट्या जागा

सम संख्यांच्या वर्गांचे व्यस्त म्हणजे बेरजेचा पाव भाग, अर्धा नव्हे. उरलेला पाऊण, π²/८, विषम संख्यांचा. रेसिड्यूच्या रीतीत (संमिश्र चल झ घेऊन, फंक्शन जिथे अनंताकडे जातं त्या जागांवरून, म्हणजे पोलवरून, बेरीज काढायची रीत) π कॉट(πझ)/झ² ला शून्यापाशी तिसऱ्या कोटीचा पोल आहे, तिथला रेसिड्यू −π²/३; सगळ्या रेसिड्यूंची बेरीज शून्य होते आणि धन आणि ऋण दोन्ही पूर्णांक मोजले जातात, म्हणून २ × बेरीज = π²/३.

रीत खरंच कळली का?

पाठ नसलेलं उत्तर काढा. क्ष² लाच पार्सेव्हाल लावून १ + १/१६ + १/८१ + … काढून बघा. डावीकडे २π⁴/५. उजवीकडे पहिल्या कोएफिशंटच्या वर्गाचा अर्धा, म्हणजे २π⁴/९, अधिक १६ × बेरीज. उत्तर π⁴/९०, साधारण १.०८२३. पहिला कोएफिशंट विसरलात तर π⁴/४०, म्हणजे २.४३ च्या आसपास येईल. इथला एकही टर्म वर्गांच्या सिरीजमधल्या त्याच जागच्या टर्मपेक्षा मोठा नाही, तेव्हा बेरीज १.६४५ च्या वर जाऊच शकत नाही. २.४३ दिसलं की मागे फिरा आणि तो पहिला कोएफिशंट शोधा.