कोड कुठं ठेवायचा?

दर रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडं दोन-तीन पोरं लॅपटॉप घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, खातं गिटहबवर काढू की गिटलॅबवर?" दोन्ही कोड ठेवायच्या आणि मिळून काम करायच्या वेबसाईट. कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिट या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या. मी विचारतो, "काम कुठल्या प्रकल्पात करायचंय?"

दुसऱ्याच्या प्रकल्पाला हातभार लावायचा असेल, तर जागा त्यांनी आधीच ठरवलेली असते. ग्नोम, केडीई, डेबियन या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांनी गिटलॅबचं सॉफ्टवेअर वापरून स्वतःच्या वेगळ्या साईट चालवल्यात. लिबरऑफिसचे पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, गेरिट या तपासणीच्या साईटवर तपासले जातात. लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पॅच ईमेलनं पाठवतात. म्हणून आधी प्रकल्पाची 'काँट्रिब्युटिंग' फाईल (हातभार कसा लावायचा ते सांगणारी) वाचा, खातं मग काढा.

स्वतःचा प्रकल्प असेल तर निवड तुमची. मदतीला माणसं लवकर यावीत असं वाटत असेल तर गिटहब घ्या, बहुतेकांचं खातं तिथं असतंच. पण गिटहबचा स्वतःचा कोड खुला, म्हणजे कुणालाही बघता-वापरता येईल असा, नाही. मला ते खटकतं, म्हणून माझी मराठी शब्दयादी मी कोडबर्ग या तसल्याच दुसऱ्या साईटवर ठेवलीय. बर्लिनची ना-नफा संस्था ते चालवते, आणि ती साईट ज्यावर चालते ते फोर्जेयो हे सॉफ्टवेअरही खुलं आहे.

कुठलीही जागा घ्या, तिथून बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा. गूगल कोड ही अशीच साईट २०१६ साली बंद झाली. बिटबकेट या साईटनं २०२० मध्ये मर्क्युरिअलचा (गिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) आधार काढून घेतला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं, डेस्कटॉप गेला. मी कोड कुठल्याच साईटवर पुश केलेला, म्हणजे चढवलेला, नव्हता. पुण्यातल्या मित्राकडं क्लोन, म्हणजे प्रकल्पाची पूर्ण नक्कल, होता, त्यातून पहिल्या कमिटपासूनचा (नोंदवलेल्या बदलापासूनचा) सगळा इतिहास परत मिळाला. गिटच्या प्रत्येक पूर्ण क्लोनमध्ये तो असतोच.

इश्यू, म्हणजे साईटवर नोंदवलेल्या चुका-सूचना, आणि त्यावरची चर्चा मात्र क्लोनमध्ये येत नाही. चुकीच्या शब्दांच्या नोंदी, कुणी काय सुचवलं, का नाकारलं, हे सगळं त्या साईटवरच राहतं. ते बाहेर नेता येतं का, हे एक छोटा प्रकल्प हलवून स्वतः तपासा. गिटहबचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) दिलं की फोर्जेयो तिथले इश्यू आयात करतं. कोडसाठी दुसऱ्या साईटवरचा एक रिमोट (पुश करायचा पत्ता) जोडा आणि दोन्हीकडं पुश करत राहा.

खात्यावर दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय फोनवरचा कोडही मागणारी) पहिल्याच दिवशी चालू करा. आमच्यातल्या एकाचा फोन रंकाळ्यावर हरवला, अशा वेळी खातं उघडायला लागणारे रिकव्हरी कोड त्याच फोनमध्ये होते. ते कागदावर लिहा, आणि घर नदीच्या बाजूला असेल तर कागद माळ्यावर ठेवा.