वणव्यानंतरचा उतार आणि वाहून गेलेलं बी

त्र्यंबक तालुक्यातली आमची वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन मार्चमधल्या वणव्यात जळाली. बांधाला कोणीतरी राब भाजत होतं (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जागा भाजतात ते), वारा फिरला आणि दीड एकराचा उतार काळा पडला. राखेतच डोंगरी गवताचं बी फेकून मी मोकळा झालो. मेअखेरच्या वळवाने राख, बी आणि वरची माती एकदमच ओहोळात नेली. उरलेलं मुंग्यांनी.

दुसऱ्यांदा घाई केली नाही. पाण्याची नळी धरून समपातळीच्या रेषा आखल्या, तिथलेच दगड रचून गुडघ्याखालच्या ताली, म्हणजे माती अडवणारे बांध घातले. तालीच्या वरच्या अंगाला कुदळीने बोटभर खोल चरे ओढले. गवताचं बी हलकं, कुसळाचं. नुसतं टाकलं तर वाऱ्यावर जातं. म्हणून ओलसर माती आणि चाळलेल्या शेणखतात चोळून टाकलं, वर मातीचा पातळ थर. खोल गाडलेलं उगवत नाही. धामण या चाऱ्याच्या गवताचं बी मुद्दाम मागच्या वर्षीचं घेतलं, ताजं नीट रुजत नाही. वरून भाताचा पेंढा विरळ पसरला, थेंबाचा मार तोच झेलतो. जिथे घळ पडायला लागली होती तिथे बी नाही, मारवेल गवताचे मुळांसकट ठोंब लावले.

आईला हा सगळा उपद्व्यापच वाटत होता. पण श्रावणात ओहोळाचं पाणी बरंच निवळ आलं तेव्हा तीच शेजारणीला दाखवायला घेऊन गेली. शेळ्या मात्र वर्षभर आत सोडल्या नाहीत. त्यावरून भावाशी अजून धुसफूस चालू आहे.