लाइनबॅकर बघायला कसं शिकायचं

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघणाऱ्याची नजर चेंडूमागे धावते आणि दहा मिनिटांत त्याला कंटाळा येतो. अमेरिकेतल्या शार्लटला आमच्याकडे मॅच बघायला येणाऱ्यांना मी आधीच सांगतो: पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला पाव भाग, चेंडू विसरा. बचाव करणाऱ्या संघाचा मधला लाइनबॅकर धरा.

तो सापडायला सोपा आहे. बचावाची पहिली फळी वाकून, हात जमिनीला टेकवून तयार असते. तिच्यामागे चार-पाच यार्डांवर मधोमध जो उभा असतो, तो 'माइक'. बहुतेक संघांत याच्याच हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो, म्हणजे आत स्पीकर. बचावासाठी ही सोय 2008 मध्ये आली आणि एका वेळी मैदानावरच्या एकालाच मिळते. प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढची चाल सुरू करायच्या मुदतीच्या घड्याळावर, 15 सेकंद उरले की कोचचा आवाज बंद होतो.

तिथून पुढे नीट बघा. समोरचा संघ जागा बदलतो, एखादा रिसीव्हर (पास झेलणारा) या टोकाकडून त्या टोकाला जातो, आणि हा ओरडून, हात दाखवून आपल्या माणसांना हलवतो. कुणाला एक पाऊल आत घेतो, कुणाला मागे पाठवतो.

चेंडू सुटला, म्हणजे चाल सुरू झाली, की पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे बघू नका. सेंटर, म्हणजे चेंडू मागे देणारा मधला खेळाडू, त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड बघा, कारण लाइनबॅकरही तेच बघतो. गार्डचं हेल्मेट खाली राहून पुढे आलं तर रन, म्हणजे चेंडू घेऊन धावणार. वर उठून मागे सरकलं तर पास, म्हणजे चेंडू फेकणार. गार्ड आडवा धावत सुटला तर बहुतेक वेळा चेंडूही तिकडेच जातो. अर्थात, समोरचेही हे जाणतात. चेंडू रनिंग बॅकच्या (घेऊन धावणाऱ्याच्या) हातात दिल्यासारखं करून क्वार्टरबॅक तो मागेच ठेवतो. लाइनबॅकर फसून दोन पावलं पुढे आला, की त्याच्या पाठीमागे उघडी पडलेली जागा हेरून पास येतो. म्हणून त्याचं पहिलं पाऊल बघायचं. कबड्डीत रेडर वरून कितीही झुलला तरी कसलेला बचावपटू त्याच्या कमरेवरून नजर हलवत नाही, तसंच हे.

टॅकलच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडण्याच्या, आकड्यांवर भुलू नका. तो आठ यार्ड पुढे गेल्यावर पाडलं तरी तो एक टॅकल, आणि जागच्या जागी पाडलं तरी एकच.

हे सगळं एकाच माणसात बघायचं तर ल्यूक कीकली. बोस्टन कॉलेजमधून आलेल्या या मुलाला आमच्या शार्लटच्या कॅरोलायना पँथर्स संघाने 2012 च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) नवव्या क्रमांकावर घेतलं. दुसऱ्याच मोसमात तो एनएफएल या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. समोरचा संघ कोणती चाल करणार, ते तो चेंडू सुटण्याआधी ओरडून सांगायचा. आमच्या स्टेडियममध्ये 'लूऽऽक' असा गजर उठायचा. नवख्याला वाटे, लोक हुर्यो उडवताहेत!

पण त्याची कारकीर्द बघताना नोव्हेंबर 2016 मधली सेंट्स संघाविरुद्धची रात्र टाळू नका. डोक्याला मार लागून तो गाडीवर बसून मैदानाबाहेर जात होता आणि अनावर रडत होता. 2015 मध्येही कन्कशन (मेंदूला धक्का) झालं होतं, 2017 मध्ये पुन्हा झालं. जानेवारी 2020 मध्ये, 28 व्या वर्षी, आठ मोसम खेळून तो थांबला. आणखी खेळावं असं वाटत होतं, पण आता ते योग्य नाही, असं त्याने सांगितलं. मला तो निर्णय त्याच्या कुठल्याही इंटरसेप्शनपेक्षा (समोरच्याचा पास हिसकावण्यापेक्षा) मोठा वाटतो.

सुरुवात जानेवारी 2016 च्या दोन प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यांपासून करा: सीहॉक्स आणि कार्डिनल्स या संघांविरुद्धचे. दोन्हींत त्याने पास हिसकावून टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला. भारतातून लाइव्ह बघायचं असेल तर रविवारचे इथल्या वेळेने दुपारी एकचे सामने तिथे रात्री साडेदहाला लागतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. रेकॉर्डिंग असेल तर चेंडू सुटताक्षणी थांबवा, गार्डचं हेल्मेट बघून रन की पास ते मोठ्याने सांगा, आणि मग पुढे चालू करा.