गिगाबिटची लाइन, सव्वीस मेगाबिटचा ग्राफ

ऐरोलीच्या डेटा सेंटरमधून हैदराबादच्या डीआर साइटवर (संकटकाळासाठीच्या राखीव डेटा सेंटरवर) स्टोरेजचं पहिलं रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची सतत नक्कल, सुरू केलं, ती रात्र. एफसीआयपीची, म्हणजे स्टोरेजची फायबर चॅनल वाहतूक आयपी नेटवर्कवरून नेणारी, लाइन १ जीबीपीएसची, आणि ग्राफ २६ एमबीपीएसच्या वर सरकेना. मी लाइनवाल्याशी तावातावाने भांडलो. त्याने टेस्ट करून दाखवली, लाइन चोख होती.

सीनियरने एवढंच विचारलं, "पिंगला किती येतंय? आणि टीसीपी विंडो?" पिंग, म्हणजे जाऊन-येऊन फेरी, २० मिलिसेकंद; विंडो, म्हणजे पोचपावतीआधी एका दमात पाठवता येणारा डेटा, ६४ केबी. म्हणजे ६४ केबी पाठवायचे आणि पोचपावतीची वाट बघत बसायचं. सेकंदाला ५० खेपा, ३.२ एमबी. बाइटचे बिट करायला आठाने गुणलं, झाले की २६ एमबीपीएस! विंडो ६४ केबीच्या पुढे वाढू देणारं विंडो स्केलिंग बंदच राहिलं होतं. लाइन भरायला अडीच एमबीची विंडो हवी होती. रात्री दोन वाजता, पगारी इंजिनिअर असताना, मी पाचवीचं त्रैराशिक शिकलो.

स्टोरेज नेटवर्कच्या कामात नव्याने येणाऱ्यांनी कमांड पाठ करण्याआधी हा हिशोब हाताने करून बघावा. काचेच्या तारेत प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोमीटरची जाऊन-येऊन फेरी १ मिलिसेकंद. स्कझी राइटला, म्हणजे स्टोरेजवर लिहायच्या कमांडला, साधारण दोन फेऱ्या लागतात, म्हणून प्रत्येक राइटमागे २ मिलिसेकंद. डेटाबेसवाले लगेच बोंब मारतात. त्यामुळे मुंबईतलं बीकेसी ते नवी मुंबईतलं महापे एवढ्या जवळच्या अंतरात सिंक्रोनस (पलीकडे लिहून झाल्यावरच राइट पूर्ण) चालतं, हैदराबादला असिंक्रोनसच (इथलं आधी पूर्ण, तिकडे मागाहून). मग इतक्या लांब जायचंच कशाला? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तसा दिवस बीकेसी आणि महापे, दोघांनाही एकदमच गाठू शकतो.

जवळच्या लिंकवर दुखणं वेगळं, बफर क्रेडिटचं, म्हणजे पलीकडून जागा झाल्याचं कळण्याआधी किती फ्रेम (डेटाचे तुकडे) पाठवता येतील त्या मर्यादेचं. ८ जीबीपीएसला पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी किलोमीटरमागे सुमारे ४ क्रेडिट लागतात. ५० किलोमीटरला २००. पोर्टवर डिफॉल्ट ८ असतील तर स्विच बहुतेक वेळ नुसता थांबून राहतो.

दोन्हीकडची फॅब्रिक, म्हणजे स्टोरेज स्विचची जाळी, सरळ जोडून एक करू नका. लिंक फडफडली की धक्का दोन्ही साइटना बसतो. मध्ये फॅब्रिक वेगळी ठेवूनच जोडणारं एफसी (फायबर चॅनल) राउटिंग ठेवा.

आणि 'दोन कंपन्यांच्या दोन लाइन' यावर विसंबू नका. आमच्या दोन्ही लाइन एकाच चरातून गेल्या होत्या, हे आम्हाला मे महिन्यात एका जेसीबीने दाखवून दिलं. हल्ली मी ऑर्डरवर सही करण्याआधी दोघांकडून रूटचा नकाशा मागवतो आणि टेबलावर एकावर एक ठेवून बघतो.